सूर्य आणि चंद्र सारखेच का दिसतात? दहाच्या नाण्यानं स्वतः मोजा

शाळेच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत आटोपतं: सूर्य चंद्राच्या ४०० पट मोठा आणि जवळपास ४०० पटच लांब, म्हणून दोघं सारखे दिसतात. उत्तर बरोबर आहे. पण ते पाठ झालं तरी पुढचे प्रश्न तसेच उरतात. सारखे म्हणजे नेमके किती सारखे? तंतोतंत सारखे असतील, तर एखादं ग्रहण खग्रास आणि एखादं कंकणाकृती का होतं? आणि हे सगळं आपल्याला आपल्या अंगणात मोजता येतं का?

येतं. दुर्बीण लागत नाही. दहा रुपयांचं नाणं, खिशातला छोटा आरसा, मोजायचा टेप, पांढरा कागद आणि एक वही एवढ्यावर भागतं. आजवर चंद्राकडे फक्त कोजागरीला बघितलं असेल, तरी काही बिघडत नाही. गणित म्हणाल तर एका भागाकाराचं. मराठवाड्यात दिवाळीपासून मेपर्यंत आभाळ बहुतेक मोकळंच असतं, त्यामुळे ‘ढग आले’ ही सबब फारशी चालायची नाही.

आधी डोळे सांभाळा

सूर्याकडे थेट बघायचं नाही. साध्या गॉगलमधून नाही, एक्स-रेच्या फिल्ममधून नाही, काजळी धरलेल्या काचेतून नाही. परातीत पाणी घेऊन, त्यात हळद नाहीतर शेण कालवून ग्रहण बघायची रीत आपल्याकडे गावोगाव आहे. तीही भरवशाची नाही, कारण पाण्यातलं प्रतिबिंबसुद्धा नजर लावून बघण्याइतकं मंद नसतं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजला तरी त्या क्षणी काहीच जाणवत नाही, नजरेत डाग दिसायला लागतो तो काही तासांनी. खाली सूर्याची जी मोजणी सांगितली आहे, तिच्यात आपण सूर्याकडे बघतच नाही, भिंतीवर पडलेलं त्याचं चित्र मोजतो.

पहिली पायरी: पत्र्यातून पडणारा कवडसा

गोठ्याच्या किंवा शेडच्या पत्र्याला खिळ्याचं एखादं भोक असतंच. दुपारी त्यातून जमिनीवर जो कवडसा पडतो, तो नीट बघा. भोक वेडंवाकडं असतं, कधी चक्क फाटलेलं असतं, तरी कवडसा मात्र गोल नाहीतर लांबट गोल. बहुतेकांना वाटतं, भोकच गोल असेल. शंका असेल तर पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडा आणि उन्हात धरा. कागद भोकापासून वीतभर अंतरावर असेल तर चौकोन दिसेल. कागद दोन मीटर लांब नेला की चौकोन विरघळून गोल होतो. तो गोल म्हणजे सूर्याचंच चित्र आहे, खालचं वर आणि वरचं खाली झालेलं. सूर्याच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला प्रकाश त्या भोकातून सरळ रेषेत येतो आणि खाली आपापल्या जागी पडतो. कडुलिंबाच्या सावलीत जे उन्हाचे गोल ठिपके दिसतात, तेही हेच. पानांमधल्या फटींनी काढलेले शेकडो सूर्य.

नियम असा: भोकापासून कागद जितका लांब, त्याच्या साधारण १०७ व्या हिश्श्याइतका हा गोल मोठा. पत्रा तीन मीटर उंच असेल आणि सूर्य डोक्यावर असेल, तर कवडसा २८ मिलिमीटरच्या आसपास येतो, अधिक भोकाची स्वतःची रुंदी. सूर्य नेमका डोक्यावर कधी येतो? मेच्या मध्यावर. लातूरकडे १३ मेच्या सुमारास, नांदेडला त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, छत्रपती संभाजीनगरला १९-२० मेच्या आगेमागे. त्या दिवशी भरदुपारी कवडसा जमिनीवरच अगदी गोल पडतो. एरवी तो लांबट होतो. तेव्हा त्याची लांबी सोडून द्या, फक्त रुंदी मोजा आणि उंचीऐवजी भोकापासून कवडशापर्यंतचं तिरपं अंतर घ्या.

ही झाली तोंडओळख. खरी मोजणी पुढच्या पायरीत आहे.

दुसरी पायरी: आरशानं सूर्य घरात आणा

खिशातला छोटा, सपाट आरसा घ्या. त्यावर काळा कागद चिकटवा आणि कागदाला मधोमध एक भोक ठेवा. कार्यालयातल्या पंचिंग मशीननं पाडलेलं भोक छान चालतं. ते साधारण सहा मिलिमीटरचं असतं, तरी पट्टीनं मोजून वहीत लिहून ठेवा. डब्यात वाळू नाहीतर ज्वारी भरून त्यात आरसा रोवा, म्हणजे हवा तसा कलता करता येतो.

आता डबा अंगणात उन्हात ठेवा आणि कवडसा दारातून घरात, समोरच्या भिंतीवर पाडा. खोलीत जितका अंधार तितकं चांगलं. खिडक्यांना गोणपाट किंवा सतरंजी लावा. आरसा ते भिंत हे अंतर दहा मीटर ठेवता आलं तर फार उत्तम, कारण हिशेब तोंडी होतो. जुन्या वाड्यांतून एवढं अंतर सहज मिळतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गच्चीवरून जिन्यात कवडसा टाकावा. पोरांना दोन गोष्टी बजावून ठेवा: आरशात डोकवायचं नाही, आणि कुणाच्या डोळ्यांवर कवडसा मारायचा नाही.

भिंतीवर कागद चिकटवा. या कामाला दोघं लागतात, एकानं आरसा बघायचा आणि दुसऱ्यानं पेन्सिल चालवायची, कारण चित्र जागेवर थांबत नाही. पृथ्वी फिरते आहे. दोन मिनिटांत हा उजेडाचा गोल आपल्या स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला मोजणीपेक्षा हे सरकणंच जास्त भावतं, आणि तसं झालं तर खुशाल पाच मिनिटं नुसतं बघत बसा. चित्राची कड जरा धूसर असते. धूसर भागासकट अगदी बाहेरच्या दोन टोकांवर खुणा करा, मधलं अंतर मोजा आणि त्यातून भोकाची रुंदी वजा करा. गोल लांबट दिसत असेल तर कागद तिरपा आहे. तो प्रकाशाच्या रेषेशी काटकोनात धरा.

दहा मीटरवर सहा मिलिमीटरच्या भोकानं साधारण ९९ मिलिमीटरचा गोल मिळतो. सहा वजा केले की ९३. आता १०,००० मिलिमीटरला ९३ नं भागा, उत्तर १०७ च्या थोडं वर येतं. हा सूर्याचा आकडा. अर्थ असा, की सूर्याचे १०७ गोळे एका ओळीत मांडले तर ती ओळ इथून सूर्यापर्यंत पोचेल. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आणि सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. भागून बघा, तेच येतं.

तिसरी पायरी: चंद्र नाण्याआड लपवा

चंद्राला आरशाची गरज नाही, त्याच्याकडे थेट बघता येतं. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटर रुंद असतं. तुराटीच्या टोकाला चीर पाडून त्यात नाणं कडेनं अडकवा आणि ती काठी वाळूच्या बादलीत उभी करा. गच्ची किंवा मोकळं रान, कुठंही चालेल. एक डोळा मिटा, चंद्र नाण्याच्या मागे आणा आणि हळूहळू मागे सरका. चंद्र नाण्याआड पूर्ण लपतो ती जागा आणि त्याची कड चारी बाजूंनी नुकती डोकावायला लागते ती जागा, अशा दोन जागा सापडतील. दोन्ही ठिकाणी डोळ्यापासून नाण्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि मधला आकडा धरा. टेपचं दुसरं टोक धरायला इथंही कुणीतरी सोबत हवं.

अंतर तीन मीटरच्या आसपास येईल. म्हणूनच चंद्र खाली, क्षितिजाजवळ असताना हे करायचं. तो १० अंश वर आला की नाणं डोळ्याच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर उंच लागतं, आणि आणखी वर गेला की बादली टाकीवर चढवायची वेळ येते.

वेळ कोणती निवडाल? लोक पौर्णिमेच्या मध्यरात्रीला पसंती देतात, पण तेव्हा चंद्राच्या लखलखाटानं त्याची कड फुगल्यासारखी दिसते. माझं मत चतुर्दशीच्या बाजूनं. त्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधीच चंद्र पूर्वेला वर आलेला असतो, आकाश अजून उजळ असतं, चंद्र फिक्कट असतो आणि त्याची कड सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ. तो पूर्ण भरलेला नसला तरी मोजणीपुरता पुरेसा असतो.

मुगाचा दाणा हाताच्या अंतरावर धरून चंद्र झाकायची पद्धतही सांगतात. ती गंमत म्हणून ठीक आहे. मोजणीला ती चालत नाही, कारण अंधारात डोळ्याची बाहुलीच दाण्याएवढी रुंदावते आणि चंद्र दोन्ही कडांनी झिरपतो. मोठी वस्तू, लांब अंतर, हे धोरण बरं.

याच नाण्यानं आणखी एक जुना वाद मिटतो. बालाघाटाच्या डोंगराआडून किंवा ज्वारीच्या रानामागून वर येणारा पौर्णिमेचा चंद्र परातीएवढा वाटतो, आणि तोच रात्री डोक्यावर वाटीएवढा. उगवताना एकदा मोजा, दीड-दोन तासांनी जरा वर आल्यावर पुन्हा मोजा. नाणं हललेलं नसतं. उलट चंद्र माथ्यावर असताना आपण उगवतीच्या वेळेपेक्षा काही हजार किलोमीटरनं त्याच्या जवळ असतो, त्यामुळे तेव्हाच तो दीडेक टक्का मोठा असतो. उगवता चंद्र मोठा दिसणं हा सगळा डोळ्यांचा आणि मेंदूचा खेळ.

चौथी पायरी: वर्षभर नोंद ठेवा

एका मोजणीत ‘सारखे’ असं उत्तर मिळतं. वर्षभराच्या मोजणीत ते उत्तर ढिलं पडतं, आणि खरी मजा तिथंच आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर चतुर्दशीच्या चौकोनात आकडा लिहीत चला.

चंद्राची कक्षा लांबट आहे. तो कधी ३ लाख ५७ हजार किलोमीटरपर्यंत जवळ येतो, कधी ४ लाख ६ हजारांपर्यंत लांब जातो. जवळ असताना दहाचं नाणं २.७७ मीटरवर त्याला झाकतं, लांब असताना ३.१५ मीटरवर. जवळजवळ ३८ सेंटिमीटरचा फरक. टेपवर तो लपूच शकत नाही. ‘सुपरमून’च्या बातम्या वाचून गच्चीवर गेलेले लोक निराश होऊन का परततात, ते यातून कळतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान पौर्णिमेच्या चंद्रात साधारण १४ टक्क्यांचा फरक असतो खरा, पण शेजारी दुसरा चंद्र नसल्यानं नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही. नाण्याला कळतो.

सूर्यही थोडा बदलतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत लांब. थंडीत सूर्य जवळ असतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण ऋतू पृथ्वीच्या कलण्यानं होतात, अंतरानं नाही. दहा मीटरवरचा आरशातला सूर्य जानेवारीत साधारण ९५ मिलिमीटर येईल, जुलैत ९१ ते ९२. जुलै म्हणजे पावसाळा हे खरं, पण आपल्याकडे पेरण्या झाल्यावर पावसाचा खंड पडतोच. शेतकऱ्याला नको असलेलं ते ऊन निदान या कामी तरी येतं.

आता सूर्याचे हे आकडे नाण्याच्या भाषेत आणा. सूर्याच्या आकड्याला, म्हणजे १०,००० ला गोलाच्या रुंदीनं भागून आलेल्या उत्तराला, २७ मिलिमीटरनं गुणलं की झालं. जानेवारीतला सूर्य २.८५ मीटर, जुलैतला २.९५ मीटर. हे नुसतं गुणाकारानं काढायचं, सूर्यापुढं नाणं धरून बघायला जायचं नाही.

दोन्ही जोड्या वहीत एकाखाली एक लिहा. सूर्य: २.८५ ते २.९५. चंद्र: २.७७ ते ३.१५. सूर्याची सगळी हालचाल चंद्राच्या हालचालीच्या पोटात बसते. कुठलंही सूर्यग्रहण घ्या, त्या दिवशी चंद्राचा आकडा सूर्यापेक्षा लहान असेल तर चंद्र मोठा दिसतोय, तो सूर्याला पुरता झाकतो आणि ग्रहण खग्रास होतं. चंद्राचा आकडा मोठा असेल तर चंद्र अपुरा पडतो, भोवती उजेडाची कड उरते, तेच कंकण. चंद्राची सरासरी २.९९ आहे, म्हणजे सरासरी चंद्र सूर्यापेक्षा थोडा लहानच. म्हणून कंकणाकृती ग्रहणं खग्रासपेक्षा थोडी जास्त होतात.

याचं सुंदर उदाहरण सहा महिन्यांच्या अंतरानं आपल्याच देशावरून गेलं. २२ जुलै २००९ ला जुलैतला लहान सूर्य होता आणि चंद्र अगदी जवळ आलेला. खग्रास स्थिती जास्तीत जास्त ६ मिनिटं ३९ सेकंद टिकली, या शतकातली सर्वांत मोठी. सुरत, भोपाळ, वाराणसी, पाटणा त्या पट्ट्यात होते. मग १५ जानेवारी २०१० ला जानेवारीतला मोठा सूर्य आणि लांब गेलेला चंद्र अशी उलटी जोडी जमली. कंकण ११ मिनिटांहून जास्त टिकलं, आणि ते कन्याकुमारी-रामेश्वरमकडून दिसलं. मराठवाडा दोन्ही वेळा पट्ट्याबाहेर, त्यामुळे आपल्या वाट्याला खंडग्रासच आलं.

पाचवी पायरी: ज्वारीचा दाणा आणि १७२ मीटरचा रस्ता

४०० हा आकडा डोक्यात बसत नसेल, तर तो पायांनी चालून बघा. ज्वारीचा चार मिलिमीटरचा दाणा म्हणजे चंद्र धरा. त्याच मापानं सूर्य १ मीटर ६० सेंटिमीटरचा होतो, बैलगाडीच्या चाकाहून मोठा. शाळेच्या भिंतीवर खडूनं किंवा चुन्यानं तेवढा गोल काढा. तिथून १७२ मीटर चालत जा, गोलाकडे तोंड करा, एक डोळा मिटा आणि दाणा डोळ्यापासून ४४ सेंटिमीटरवर धरा. भिंतीवरचा जवळजवळ अख्खा गोल दाण्याआड जातो. हा खेळ दिवसाउजेडी करायचा, तेव्हा बाहुली बारीक असते आणि दाणा चालून जातो. दोन पावलं मागंपुढं झाल्यानं काही फरक पडत नाही, पण दाणा बोटभर जवळ किंवा लांब नेला की लगेच पडतो. ग्रहणात सूर्यापेक्षा चंद्राचं अंतर का महत्त्वाचं, ते इथं हाताला कळतं.

पोरं इथं हमखास एक प्रश्न विचारतात: दाणा आणि गोल सारखे दिसले, यावरून गोल किती लांब आहे ते कळलं का? नाही कळलं. भिंतीवरचा गोल निम्मा असता आणि निम्म्या अंतरावर असता, तरी तसाच दिसला असता. सारखं दिसण्यातून फक्त रुंदी आणि अंतर यांचं प्रमाण मिळतं. आपल्या पूर्वजांची अडचण हीच होती. सूर्यसिद्धांतात सूर्याचा व्यास ६,५०० योजनं आणि चंद्राचा ४८० योजनं दिला आहे, म्हणजे सूर्य जेमतेम साडेतेरा पट मोठा. सगळे ग्रह आकाशात सारख्याच वेगानं अंतर कापतात असं त्यात गृहीत धरलं होतं. चंद्र वर्षात तेरा-साडेतेरा फेऱ्या मारतो, म्हणून सूर्य तितक्याच पट लांब ठरला. गृहीतक चुकलं, अंतरही चुकलं. पण आकाशातली रुंदी त्यांनी दोघांचीही ३२ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आसपास धरली होती, आणि ती आजच्या मोजणीला जुळते. कारण ती डोळ्यांनी बघून मोजता येत होती, तुम्ही आत्ता मोजलीत तशीच. सूर्याचं खरं अंतर कळायला १७६१ आणि १७६९ ची शुक्राची अधिक्रमणं, म्हणजे शुक्र सूर्याच्या बिंबासमोरून सरकताना दिसणं, यावी लागली. जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून ती एकाच वेळी बघून हिशेब जुळवला गेला.

मग हे जुळलं कसं?

योगायोगानं. यामागे कुठला नियम नाही, आणि ‘असंच असायला हवं होतं’ असं सांगणाऱ्यांना चंद्राचा जमाखर्च दाखवावा. अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर पृथ्वीवरून लेसर मारून अंतर मोजतात. चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब चालला आहे. समुद्राच्या भरती-ओहोटीमुळे पृथ्वीचं फिरणं मंदावतं आणि ती गती चंद्राच्या कक्षेला मिळते. खूप पूर्वी चंद्र आजच्याहून मोठा दिसत होता, तेव्हा कंकणाकृती ग्रहण व्हायचंच नाही. सुमारे ६० कोटी वर्षांनी तो इतका लहान दिसेल की खग्रास होणं बंद पडेल. दोन्ही तऱ्हेची ग्रहणं बघायला मिळतात त्या मधल्या काळात आपण आहोत.

पुढची संधी

२ ऑगस्ट २०२७ ला स्पेनच्या दक्षिण टोकापासून इजिप्त, सौदी अरेबिया, येमेनपर्यंत खग्रास ग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ ते सहा मिनिटांहून जास्त टिकेल. सूर्य अजून लांबच असणार आणि चंद्र जवळ, म्हणजे कुठली जोडी ते आता तुम्ही सांगू शकता. मराठवाड्यातून ते दुपार कलल्यावर खंडग्रास दिसेल, ढगांनी जागा दिली तर. त्या दिवशी आरशाचा डबा पश्चिमेचं ऊन येईल अशा जागी ठेवा आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला एकदा तालीम करून घ्या, म्हणजे समोरचं झाड किंवा शेजाऱ्याची पाण्याची टाकी आडवी येते का ते कळेल. भिंतीवरच्या गोलाचा लचका तुटलेला दिसायला लागला की दर दहा मिनिटांनी नव्या कागदावर पेन्सिलनं त्याची कड गिरवा. लचक्याच्या कडेचा बाक पुढं वाढवून पूर्ण वर्तुळ काढलं, की चंद्राची रुंदीही त्याच कागदावर सूर्याशेजारी मोजता येते. नाणंही लागत नाही.